काकांच्या गाडीची पारख

ज्या काकांबद्दल हे लिहिते आहे ते नात्याने माझे कोणी नाहीत. नागपूरहून एमएस करायला आले तेव्हा खोली मिळेपर्यंतचे दोन आठवडे मी सांता क्लाराला त्यांच्या घरी राहिले, एवढीच ओळख. ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीचे ते. पुढे मला गाडी चालवायला शिकवली तीही त्यांनीच. दर रविवारी सकाळी एका शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये ते मला त्यांच्या जपानी गाडीत बसवायचे. मी ब्रेक धसकन दाबला की म्हणायचे, "शाबास. थांबली तर खरी." एकदा मी गाडीची अख्खी बाजू खांबावर घासत नेली. घरी आल्यावर काकूंनी ओरखडा पाहिला आणि मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "माझ्या हातून झालं ते. लक्ष नव्हतं." हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते अशा माणसाच्या बाबतीत केलं.

शिक्षण झालं, नोकरी लागली, मी त्याच भागात राहिले. पहिली काही वर्षं व्हिसा आणि कामात गेली. हातात थोडी सवड आली तेव्हा मला जुन्या जर्मन गाड्यांचा नाद लागला. नाद कसा लागला सांगते. मी फसले. एका माणसाने मला जुनी जर्मन गाडी "ओरिजिनल युरोपियन" म्हणून विकली आणि वर्षभराने माझं मलाच कळलं की ती नव्हती.

हा फरक बाहेरच्यांना माहीत नसतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात जर्मन कंपन्या तीच गाडी दोन तऱ्हांनी बनवायच्या. युरोपात विकायची एक आणि अमेरिकेत पाठवायची दुसरी. इथल्या नियमांमुळे अमेरिकन गाडीला पुढे-मागे हातभर बाहेर आलेले जाडजूड बंपर असत. युरोपातल्या गाडीचा बंपर बारीक, अंगाला चिकटलेला. तिकडच्या गाडीला एका सलग काचेचा मोठा हेडलाइट. इकडच्या गाडीला त्याच जागी गोल दिवे बसवलेले. इकडे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, म्हणजे फेंडरवर, बाजूला एक छोटा दिवा कायद्याने लागायचा. तिकडे तो नसायचा. तिकडचा मीटर किलोमीटरचा, इकडचा मैलांचा. दिसायला तिकडची गाडी जास्त देखणी, आणि इथे ती दुर्मीळ. त्यामुळे हौशी लोक अमेरिकन गाडीला युरोपातून मागवलेले बंपर आणि दिवे लावतात, फेंडरवरचा छोटा दिवा काढतात, त्याचं भोक बुजवतात आणि रंग मारतात. मग ती वरवर पाहता ओळखू येत नाही. पण फेंडरच्या आतून हात घातला तर बुजवलेल्या जागेचा खडबडीत उंचवटा बोटाला लागतो. माझ्या गाडीचं गुपित मला असंच कळलं, चाक बदलताना.

त्या दिवसानंतर मी पेटून शिकले. फोरम वाचले, जुनी पुस्तकं मागवली, रविवारी सकाळी गाडीवाले जमायचे तिथे जाऊन लोकांच्या गाड्यांखाली वाकले. तिथे बहुतेक पुरुष. सुरुवातीला मला विचारायचे, "नवरा कुठली गाडी चालवतो?" वर्षभरात तेच लोक म्हणायला लागले, "तिला विचारा, ती सांगेल." आपल्या मराठी हौशी लोकांचाही एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला होता. तो माझ्या ऑफिसातल्या एका पुण्याच्या इंजिनिअरने काढला होता. कुणीही कुठल्या गाडीचा फोटो टाकला की तो लिहायचा, "वेट, एक्सपर्ट येऊ दे." मला ते आवडायचं. फार आवडायचं. कबूल करायला लाज वाटते, पण मीटिंगमध्येसुद्धा मी फोन टेबलाखाली धरून उत्तरं द्यायचे.

काका रिटायर झाले आणि त्यांनी गाडी घेतली. क्रीम रंगाची, चार दारांची, जुनी जर्मन डिझेल. लग्नानंतर काका-काकू काही वर्षं पश्चिम जर्मनीत होते. काका तिथे मशीनच्या कारखान्यात ट्रेनिंगला होते. त्या काळी तिथल्या टॅक्सी या क्रीम रंगाच्या असत, अजूनही बऱ्याच असतात. काकूंना कळा सुरू झाल्या तेव्हा बर्फ पडत होता, काकांना पंचवीस शब्दांपलीकडे जर्मन येत नव्हतं, आणि एका टॅक्सीवाल्याने त्यांना हॉस्पिटलात नेलं, वर मुलगा होईपर्यंत बाहेर काकांबरोबर बसून राहिला. ती टॅक्सी याच जातीची. गाडी विकणारा म्हातारा डोंगरातल्या गावात राहणारा होता. त्याने सांगितलं की गाडी जर्मनीतून आलेली आहे. काकांनी विश्वास ठेवला. त्यांना तेच हवं होतं, तिथल्या रस्त्यावरून चाललेली गाडी.

ती घेतली तेव्हा मी महिनाभर भारतात होते. परत आल्यावर बघायला येते येते म्हणत राहिले आणि शेवटी ती पाहिली ती त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला.

शनिवारची सकाळ होती. रेडमंडहून मुलगा-सून आणि नातवंडं आली होती. मागच्या अंगणात साठेक माणसं. काकांनी गाडी धुऊन ड्राइव्हवेमध्ये उभी केली होती आणि जो येईल त्याला आधी गाडी दाखवून मग खायला आत पाठवत होते. काकू टॅक्सीची गोष्ट सांगत होत्या, चौथ्यांदा की पाचव्यांदा. पुण्याचा तो इंजिनिअरही आला होता, ग्रुपमधल्या आणखी चार-पाच जणांना घेऊन.

मला बघून काका पुढे आले. हातात ओलं फडकं. "ये ये. तुलाच दाखवायची होती. बाकीच्यांना काय कळतंय!"

तेवढ्यात तो इंजिनिअर म्हणाला, "काका, मग एक्सपर्टकडून इन्स्पेक्शन होऊनच जाऊ दे ना. ऑन द स्पॉट."

"होऊ दे की," काका म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता.

मी तेव्हा "नंतर बघू" म्हणू शकले असते. पन्नासावा वाढदिवस होता. पण मंडळी गाडीभोवती गोळा झाली, दोघांनी फोन काढले आणि मी सुरू झाले. बाहेरून सगळं युरोपियन होतं. सलग काचेचे दिवे, बारीक बंपर. मी प्रत्येक गोष्ट मोठ्याने समजावून सांगत होते, वर्गात शिकवल्यासारखी. मग खिडकीतून आत पाहिलं.

"काका, मीटर मैलांचा आहे?"

"हो. बदलला असेल कुणीतरी. इथे चालवायची म्हणून."

"असेल," मी म्हटलं आणि गुडघ्यावर बसून फेंडरच्या आत हात घातला. उंचवटा लागला. दुसऱ्या बाजूला गेले, तिथेही लागला. माझ्या गाडीत होता तस्साच. अंगातून एक लहर गेली, सापडलं! ड्रायव्हरचं दार उघडलं तर दाराच्या चौकटीत एक फिकट स्टिकर होता, गाडी अमेरिकन नियमांप्रमाणे आहे असं सांगणारा. अक्षरं पुसट होती. मी पहिली ओळ वाचली आणि पुढचं वाचलं नाही.

उभी राहताना माझी नजर पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात गेली. अमेरिकेसाठी बनवलेल्या गाडीला तिथे, बाहेरून वाचता येईल अशी, गाडीच्या नंबरची छोटी पाटी कारखान्यातच ठोकलेली असते. इथे पाटी नव्हती. पाटी काढल्याची खूणही नव्हती. मी ते पाहिलं. नीट पाहिलं. हे जुळत नाहीये, असं माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आलं. बॉनेट उघडून आतला नंबर वाचायला दोन मिनिटं लागली असती.

पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काका, सॉरी," मी म्हटलं, "ही अमेरिकन आहे. वरून युरोपियन पार्ट लावलेत." आणि भोकांचं, स्टिकरचं, मीटरचं सगळं सांगितलं. पाटीचं सांगितलं नाही.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पुण्याचा तो म्हणाला, "काका, मेकअप करून गळ्यात मारली हो तुमच्या!"

मग मी तो विनोद केला. म्हटलं, "हिचा पासपोर्ट खोटा आहे."

आमच्या लोकांत पासपोर्ट-व्हिसाचा विनोद कधी फुकट जात नाही. सगळे खदखदून हसले. काकांचा मुलगाही हसला. "बाबा, यू गॉट प्लेड," तो म्हणाला. काकूंनी सावरून घेतलं, "अमेरिकन तर अमेरिकन. आपण तरी आता कोण आहोत?" त्यावर आणखी हशा झाला. काकांनी हातातल्या फडक्याची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली. "असेल, असेल," म्हणाले. "चला, खाऊन घ्या, गार होतंय."

त्यांनी नंतर आलेल्या पाहुण्यांना गाडी दाखवली नाही. हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. मी पुरणपोळी खाल्ली, फोटोत उभी राहिले, घरी आले. संध्याकाळी ग्रुपवर माझा गुडघ्यावर बसलेला व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, "फेक पासपोर्ट पकडला!" मी त्यावर हसरा चेहरा टाकला.

त्यानंतर लोक काकांना भेटले की विचारायचे, "काय काका, खोटा पासपोर्ट काय म्हणतो?" कुणाच्या मनात वाईट नव्हतं. दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या घरावरून गेले तर ड्राइव्हवे रिकामा होता. आत गेले. काका पेपर वाचत होते.

"गाडी कुठे?"

"दिली डोनेशनला. फोन केला की ट्रक पाठवतात, ओढून नेतात. गुडघा दुखतो गं, क्लच दाबवत नाही."

मी म्हटलं, "बरं केलंत काका, जुन्या गाडीचा व्यापच असतो." आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. ती गाडी तिथे उभी दिसली की मला त्या कोपऱ्यातल्या नसलेल्या पाटीची आठवण व्हायची. आता व्हायचं कारण नव्हतं.

पुढे एक दिवस काकूंचा फोन आला, ऑफिसच्या वेळेत. काका फिरायला गेले आहेत, तू लगेच ये, म्हणाल्या. मी घाबरून गेले. काकू गराजमध्ये उभ्या होत्या, समोर प्लॅस्टिकचा एक काळा चपटा डबा, वर पांढरा क्रॉस.

"ट्रकवाला आला तेव्हा हा मी काढून घेतला," त्या म्हणाल्या. "मागच्या सीटच्या वर खाचेत बसवलेला होता. म्हटलं बँडेज आहेत, राहू देत. आज उघडला तर खाली कागद आहेत. जर्मन आहे बरंचसं. ह्यांना दाखवले नाहीत. उगाच पुन्हा तो विषय नको. तू बघ काय आहे ते."

पिवळ्या पडलेल्या बँडेजखाली गाडीचं सर्व्हिस बुक होतं. जर्मन गराजचे शिक्के, किलोमीटरमध्ये लिहिलेले आकडे. त्यात घडी घालून ठेवलेलं एक इंग्रजी बिल होतं, इथल्याच किनाऱ्यावरच्या एका वर्कशॉपचं. जर्मनीत नेमणुकीला असलेल्या एका अमेरिकन सैनिकाने गाडी तिथे विकत घेतली होती आणि बदली झाल्यावर बरोबर आणली होती. अमेरिकेत ती रस्त्यावर आणायची तर इथल्या नियमात बसवणं भाग होतं. म्हणून वर्कशॉपने मीटर मैलांचा केला होता, दारांत लोखंडी पट्ट्या घातल्या होत्या, हेडलाइट बदलले होते, दाराच्या चौकटीत स्वतःच्या नावाचा स्टिकर लावला होता. आणि दोन्ही फेंडरना भोकं पाडून बाजूचे दिवे बसवले होते. पुढे कुठल्यातरी मालकाला गाडी पुन्हा मूळच्यासारखी करावीशी वाटली असणार. त्याने जर्मन हेडलाइट परत लावले, बाजूचे दिवे काढले, भोकं बुजवली.

म्हणजे मी जी जी खूण खोटेपणाची म्हणून साठ माणसांत दाखवली, ती ती गाडी खरी असल्यामुळेच तिच्या अंगावर होती.

"काही विशेष?" काकूंनी विचारलं.

"घरी नेऊन नीट वाचते," मी म्हटलं.

मी आठ दिवस कुणाला काही बोलले नाही. फक्त शोध घेत राहिले. डोनेशनवाल्यांनी गाडी लिलावात काढली होती. तिथून ती सॅक्रामेंटोच्या पुढे, जुन्या गाड्या तोडून सुटे भाग विकणाऱ्या एका माणसाने उचलली होती. शनिवारी सकाळी मी तिकडे ड्राइव्ह करत गेले. वाटेत मनाशी ठरवत होते, कितीही पैसे सांगितले तरी घ्यायची आणि काकांच्या ड्राइव्हवेत नेऊन उभी करायची.

तो माणूस चांगला होता. म्हणाला, "ती क्रीम डिझेल? युरो कार? बाई, उशीर केलात. हेडलाइट पहिल्याच दिवशी गेले. बंपर त्याच आठवड्यात. इथले लोक आपल्या अमेरिकन गाड्यांना लावायला शोधतच असतात."

"ती युरोपियन आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"काचेत पाटी नव्हती. म्हणून बॉनेट उघडून नंबर वाचला." त्याने खांदे उडवले. "दोन मिनिटांचं काम."

त्याने मला मागच्या मैदानात नेलं. गाडी लाकडी ठोकळ्यांवर होती. दारं नव्हती, सीट नव्हत्या, इंजिनाची जागा रिकामी. फेंडर तेवढे होते. बुजवलेली भोकं असलेले फेंडर कोण घेणार? मी आत वाकून पत्र्यावरचा नंबर वाचला. त्या माणसाने पाणी हवं का विचारलं, मी नको म्हटलं, आणि माझ्या गाडीत बराच वेळ चावी न लावता बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेले, कागद घेऊन. त्यांनी चष्मा पुसला, सर्व्हिस बुक उघडलं, शिक्क्यावरचं गावाचं नाव वाचलं आणि जवळजवळ ओरडलेच, "अगं, ऐकलंस का? बाहेर ये! हे गाव आपल्या गावापासून तासाभरावर! माहीत आहे मला!" काकू आल्या. काका माझा हात धरून म्हणाले, "म्हणजे खरी होती. मी म्हणत नव्हतो?"

"खरी होती काका. माझी चूक झाली."

"होते गं. भोकं बघून कुणालाही वाटेल." त्यांनी मला लगेच माफ करून टाकलं. पाटीचं त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आता कुठे आहे?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. काकांच्या चेहऱ्यावर इतकं काही होतं की माझ्या तोंडून निघून गेलं, "घेतली कुणीतरी. चालवतात. छान ठेवलीय म्हणे."

"मग झालं तर," काका म्हणाले. "रस्त्यावर आहे ना, बास."

त्या दिवशी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. काकांची गाडी खरी जर्मन होती, माझी चूक झाली, यापुढे कुणी त्यांची चेष्टा करू नये. सात जणांनी अंगठे टाकले. पुण्याच्या त्याने लिहिलं, "चिल यार, इट्स जस्ट अ कार." पुढचा मेसेज कुणाच्या तरी टायरबद्दल होता.

काका मात्र तेव्हापासून रस्त्यावर ती गाडी शोधायला लागले. काकूंनी फोनवर सांगितलं, फिरायला जातात तेही मोठ्या रस्त्याने, क्रीम रंग दिसला की थांबतात. मी ऐकून घेतलं. त्यांना खरं सांगून टाकायचं असं मी दर आठवड्याला ठरवायचे आणि दर आठवड्याला पुढे ढकलायचे.

त्यांचा मोतीबिंदू वाढला होता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी घेऊन जात होते, तेव्हा एका प्लाझापाशी काकांनी एकदम डॅशबोर्डवर हात आपटला.

"वळव! वळव आत! तीच आहे!"

ग्रोसरीच्या दुकानासमोर क्रीम रंगाची तशीच जुनी गाडी उभी होती. मला लांबूनच तिचे जाड बंपर दिसले. पण मी वळवली. काका माझ्या आधी उतरले आणि भराभर चालत गेले. एक अमेरिकन बाई डिकीत पिशव्या ठेवत होती.

"एक्सक्यूज मी," काका म्हणाले, "दिस वॉज माय कार." हसत होते. छतावर हात ठेवला होता त्यांनी.

बाई गोंधळली, पण प्रेमळपणे म्हणाली, "अरे वा. पण ही तर माझ्या वडिलांची. आमच्याकडे पहिल्यापासून आहे."

काका माझ्याकडे वळले. "अगं, तू बघ ना. तीच आहे ना?"

"नाही काका. हिचे बंपर अमेरिकन आहेत."

"बंपर बदलतात. तूच सांगितलंस."

"फेंडरवर दिवे आहेत."

"पुन्हा लावले असतील. भोकं होतीच ना." मग आवाज न चढवता म्हणाले, "तू त्या दिवशीही इतक्याच खात्रीने बोलली होतीस."

बाईला मी माफ करा म्हटलं. ती गेली. आम्ही दोघं त्या मोकळ्या झालेल्या जागेपाशी उभे होतो, पलीकडून ट्रॉल्या ढकलत माणसं जात होती.

"काका, आपली गाडी नाही आता," मी म्हटलं. "तोडून विकली. मी जाऊन बघून आले होते. तुम्हाला कागद दाखवले त्याच्या आदल्या दिवशी."

मग मी पाटीचंही सांगितलं. वाढदिवसाच्या दिवशी कोपऱ्यात पाटी नाही हे मला दिसलं होतं, जुळत नाही हे कळलं होतं, तरी मी बोलले नाही.

"त्याच दिवशी दिसलं होतं?"

"हो."

"मग?"

"सगळे बघत होते, काका."

त्यांनी मान हलवली. घड्याळाकडे पाहिलं, पण त्यांना काटे नीट दिसत नव्हते. "चल," म्हणाले, "डॉक्टरकडे उशीर होईल."

डॉक्टरकडे त्यांनी सगळी उत्तरं नीट दिली, ऑपरेशनचा दिवस ठरवला. परत येताना त्यांच्या घराच्या कोपऱ्यावर आल्यावर बोलले.

"गाडीचं काही नाही गं. लोखंडच ते. मुलगा हसला, त्याचंही मला काही वाटलं नाही, त्याला कळत नाही. पण तू सगळा वेळ गाडीकडे बघत होतीस, लोकांकडे बघत होतीस. माझ्याकडे एकदा बघितलं असतंस, तर थांबली असतीस तू. मला माहीत आहे तू कशी आहेस."

मी सॉरी म्हटलं. तो शब्द मी वाढदिवसालाही वापरला होता, "काका, सॉरी, ही अमेरिकन आहे" म्हणताना. आता दुसरा सुचला नाही.

ऑपरेशनला मीच घेऊन गेले. ते म्हणाले होते काकूंना, तिलाच सांग. ऑपरेशन चांगलं झालं. काकूंनी मला जेवायला थांबवून घेतलं, काका पट्टी लावून शेजारी बसले, नातवाच्या शाळेबद्दल बोलत राहिले. माझ्याशी ते चांगले वागतात. आधीसारखेच, असं बघणाऱ्याला वाटेल. फक्त पूर्वी एखादी गोष्ट विकत घ्यायची असली, फ्रीज असो की फोन, ते मला विचारायचे, "तुझं काय मत?" आता विचारत नाहीत. स्वतः बघतात, घेतात, आणि मग मला सांगतात.

ग्रुपमध्ये मी अजून आहे. कुणी फोटो टाकून विचारलं तर लिहिते, फोटोवरून सांगता येणार नाही, बॉनेट उघडून नंबर वाचा. लोकांना वाटतं मी भाव खाते. वाटू दे. मधे एकाने तो जुना व्हिडिओ पुन्हा टाकला, नव्या मेंबरांना दाखवायला. मी तो पहिल्यांदा आवाज लावून पूर्ण पाहिला. मी हात नाचवत बोलते आहे, लोक हसतायत, आणि कडेला, चित्राबाहेर जाता जाता, काका दोन्ही हातांनी ओल्या फडक्याची घडी घालतायत. मी त्या माणसाला तो काढायला सांगितला. त्याने विचारलं, "व्हाय? यू लुक ग्रेट." मी त्याला कारण लिहायला घेतलं, दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. ग्रुपवर लिहिण्यासारखं ते नव्हतं.